ऑफ गेलेला अलार्म

२००४ सालचा पावसाळा. आम्ही तेव्हा कोथरूडला राहत होतो आणि दर तिसऱ्या आठवड्याला कंपनीचा एक जाडजूड मोबाइल माझ्या उशाशी झोपायला यायचा. तो ज्याच्याकडे, त्या आठवड्याची रात्रपाळी त्याची. इंग्लंडातल्या लीड्स शहरात एक मोठं गोदाम होतं. तिथल्या मालाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यातून सांभाळायचो. काही अडलं की तिकडे गजर व्हायचा आणि तिकडचा माणूस मला कळवायचा.

त्या रात्री दोनदा उठून झालं होतं. एक चाळीसला तिसऱ्यांदा फोन थरथरला. तिकडे रात्रीचे नऊ दहा. अंधारात, चष्म्याशिवाय, नाकाला लावून वाचलं : ‘द अलार्म हॅज गॉन ऑफ अगेन.’

ऑफ! पंखा ऑफ, लाइट ऑफ, शाळेतला ऑफ तास. ऑफ म्हणजे बंद, हे मला पाचवीपासून ठाऊक. म्हणजे संध्याकाळपासून माझ्या जिवाला घोर लावणारा गजर आपणहून बंद पडला होता, आणि तो भला माणूस मुद्दाम कळवत होता की बाई, झोपा आता. ‘थँक यू सो मच, गुड नाइट’ असं उत्तर धाडलं, फोनचा आवाज कमी केला आणि कुशीवर वळले. गेल्या कित्येक महिन्यांत लागली नसेल अशी गाढ झोप लागली.

सकाळी सहाला पाहते तर सात मिस्ड कॉल. पहाटे निघायच्या ट्रकांची यादी तयारच झाली नव्हती, ट्रक फाटकाशी तसेच उभे होते, आणि माझं ‘सो मच’वालं आभारप्रदर्शन तोवर तिकडच्या चारपाच वरिष्ठांनी वाचलं होतं.

तिकडचा माणूस पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. ओरडला नाही. एवढंच विचारलं, की अलार्म झाल्याचं कळूनही तू गुड नाइट कशी म्हणालीस? मी म्हटलं, तूच तर लिहिलंस तो ऑफ झाला म्हणून. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, गॉन ऑफ म्हणजे वाजायला लागला. मी विचारलं, आणि दिवे गॉन ऑफ? म्हणाला, ते विझले. बॉम्ब? तो फुटला. असं का? ‘आय हॅव नो आयडिया,’ तो म्हणाला. पन्नास वर्षं तो हे बोलत आला होता आणि त्याला कधी प्रश्न पडला नव्हता. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, तुमच्या भाषेत असला वेडेपणा नसेल ना?

‘नाही,’ मी ठणकावून सांगितलं, ‘मराठी फार सरळ आहे.’

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं. पण ते नंतर.

माझं शिक्षण वाईला, मराठी माध्यमात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या वेळी पाचवीत ए-बी-सी-डी. सर शब्दार्थ घोकून घ्यायचे. एक्स्टिंग्विश म्हणजे विझवणे. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे. टॉलरेट म्हणजे सहन करणे. इन्व्हेस्टिगेट म्हणजे तपास करणे. शब्द जितका लांब तितकं इंग्रजी चांगलं, अशी सगळ्यांचीच समजूत होती. माझीही. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळायचं ते या लांब शब्दांच्याच जिवावर. पुट आऊट, पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इंटू, ही तीच चार कामं करणारी मंडळी आम्हाला भेटली ती थेट दहावीत. पाठ्यपुस्तकात नव्हे, परीक्षेच्या गाईडात, शेवटच्या पानावर, दोन रकान्यांत दाटीवाटीने. नाव : फ्रेजल व्हर्ब्ज. दोन मार्कांचा प्रश्न. बहुतेक जण तो सोडून द्यायचे.

सरांना दोष देत नाही. ही मंडळी इंग्रजीतही ओसरीवर फारशी येत नाहीत. त्यांचा वावर माजघरात आणि स्वयंपाकघरात. आम्हाला इंग्रजी भेटली ती ओसरीवर, पाटावर बसवून, चहा-पोहे देऊन. कचेरीचे कागद, कायदे, अर्ज, निबंध. आत कुणी नेलंच नाही. आणि भाषा तर आतच राहते.

ते ‘आत’ मी पाहिलं दोन वर्षांनी. त्याच गोदामाच्या कामासाठी सहा आठवडे लीड्सला गेले होते. पहिला आठवडा हॉटेलातल्या पावाने जीव विटल्यावर त्या माणसाने निरोप दिला, ‘वुई कॅन पुट यू अप.’ म्हणजे आमच्या घरी राहा. मला मौज वाटली. इंग्रज पाहुण्याला वर ठेवतो, आपण त्याला उतरवून घेतो. ‘कुठे उतरलात?’ असं विचारताना आपल्या डोळ्यांपुढे अजून बैलगाडीच असते बहुधा.

त्याची बायको बोलायची ते पहिले दोन दिवस मला निम्मंही कळेना, आणि गंमत म्हणजे त्यात एकही शब्द अवघड नव्हता. कांदे चॉप अप कर. मैदा हळूहळू मिक्स इन कर. बघ, बॉइल ओव्हर होईल. उरलेला भात यूज अप करून टाकू. चहा टॉप अप करू का? जेवण झाल्यावर वॉशिंग अप. मी हात धुवायला गेले तर तिने भांडी पुढ्यात ठेवली. पुढे कळलं, अमेरिकेत वॉश अप म्हणजे खरंच हात-तोंड धुणं. इंग्लंडात मात्र भांडी घासणं. एका सकाळी ती फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, ‘ओह, द मिल्क्स गॉन ऑफ.’ मी आधीच पोळलेली, त्यामुळे दूध वाजलं, फुटलं, का विझलं याचा क्षणभर अंदाज घेतला. वास आला तेव्हा कळलं. नासलं होतं. मदत करावी म्हणून मी शक्य तितक्या नम्र आवाजात विचारलं, ‘शॅल आय डिस्कार्ड इट?’

ती आधी थबकली आणि मग तिला हसू आवरेना. ‘जस्ट चक इट आऊट, लव्ह.’ मला वाटतं, तिच्या कानांना माझं वाक्य ‘या दुग्धाची विल्हेवाट लावू का?’ असं ऐकू आलं असणार. वीस वर्षं इंग्रजी शिकून मी स्वयंपाकघरात परिपत्रक काढत होते.

चक इट आऊट. इथेच दुसरी मेख. दूध असं नाव घेतलं तर चक आऊट द मिल्क चालतं, चक द मिल्क आऊटही चालतं. पण दुधाऐवजी नुसतं इट म्हटलं की ते मध्येच बसलं पाहिजे. चक आऊट इट म्हणालात की तुम्ही परके. असा नियम आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं, आणि तिच्या तोंडून तो एकदाही मोडला नाही. आघाताचंही तसंच. आपण लुक अप म्हणताना जोर लुकवर देतो, ती देते अपवर. आणि त्याचंच नाम झालं की जोर उडी मारून पुढच्या पायावर : गाडी ब्रेक डाऊन होते तेव्हा जोर डाऊनवर, पण तो ब्रेकडाऊन झाला की ब्रेकवर. हे सगळं कुठल्याही गाईडात नव्हतं. असतं तरी दोन मार्कांना कुणी वाचलं असतं?

परदेशी माणसाला हे जड जातं, हे त्यांना फार पूर्वीच उमगलं होतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने कबूलच केलंय की क्रियापदामागे एक लहानसा शब्द चिकटवून अर्थ पालटायची आमच्या भाषेची खोड परक्यांना सर्वांत जास्त छळते. कम ऑफ, फॉल ऑन, ब्रेक ऑफ, सेट आऊट अशी यादीही दिलीय. सेट ऑफचा अर्थ त्याने सजवणे, खुलवणे असा दिलाय. आज निघण्यासाठी वापरतात, आणि अलार्म वाजवायलाही. टेक ऑफ म्हणजे नक्कल करणे. तेव्हा विमानं नव्हती. या जातीला फ्रेजल व्हर्ब हे नाव छापील रूपात मिळालं ते बरंच पुढे, १९२५ साली, लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाच्या लिखाणातून. तो म्हणतो, नाव मला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं. म्हणजे जॉन्सनने तक्रार नोंदवून पावणेदोनशे वर्षं होत आली तेव्हा आरोपीचं बारसं झालं.

आणि यातला मोठा हात माझ्या त्या यजमानांच्याच मुलखातल्यांचा असावा. लीड्स यॉर्कशरमध्ये येतं. ८६६ साली उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी यॉर्क जिंकलं आणि ते लोक तिथेच शेती करत राहिले. लीड्सच्या मधल्या पेठेतल्या रस्त्यांची नावं ब्रिगेट, कर्कगेट. मी पहिल्या दिवशी गेट शोधत हिंडले. गेट म्हणजे त्यांच्या बोलीत रस्ता. पुलाचा रस्ता, देवळाचा रस्ता. गेट आणि टेक ही इंग्रजीतली दोन अतिशय कष्टाळू क्रियापदंसुद्धा त्यांचीच देणगी. त्यातलं गेट हे क्रियापद वेगळं, रस्त्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत अर्थ वळवणारे शब्द क्रियापदाच्या आधी लागायचे, आजही विथस्टँड, अंडरस्टँड, फर्गिव्हमध्ये ते दिसतात. व्हायकिंगांच्या भाषेत ते मागे जाऊन बसलेले होते. त्या शेजाराने इंग्रजीची ही सवय वाढीला लागली, असं बऱ्याच भाषाभ्यासकांना वाटतं. मग १०६६ नंतर दरबारात फ्रेंच आली, पाठोपाठ विद्वानांची लॅटिन. टॉलरेट आणि एक्स्टिंग्विश ही त्या घरची लेकरं. पुट अप विथ आणि पुट आऊट राहिली चुलीपाशी.

हे आपल्याला अनोळखी नाही. विरोधी पक्षाचे आमदार सभागृहातून उठून बाहेर गेले, तर वर्तमानपत्रात सभात्याग होतो. घरात जेवताना कुणी रुसून गेलं तर सभात्याग केला असं आपण चेष्टेतच म्हणतो. एरवी तो ‘उठून गेला’.

पुट अप या जोडीशी माझी ओळख मात्र फार जुनी, पण तिचं नाव-गाव मला ठाऊक नव्हतं. माझे वडील, अण्णा, पंचायत समितीत कारकून. संध्याकाळी टोपी खुंटीला लावता लावता आईला सांगायचे, ‘आज बारा प्रकरणं पुटअप केली. साहेब चहा प्यायला गेले ते आलेच नाहीत.’ पुटअप हा शब्द पुरवणी, पुढारी, पुरवठा यांच्या रांगेतला, अस्सल मराठी, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. फाईल साहेबांपुढे ठेवणं म्हणजे पुटअप. आजही कुठल्याही सरकारी कचेरीत जा. ‘पुटअप केलंय, दोन दिवसांनी या’ ऐकायला मिळेल. पुढे साताऱ्याच्या कॉलेजात एका शहरी मुलीने विचारलं, ‘वेअर आर यू पुट अप?’ मला वाटलं, माझी फाईल कुठे अडकलीय असं विचारतेय. हॉस्टेलचा अर्ज खरंच प्रलंबित होता, त्यामुळे मी तपशीलवार उत्तरही दिलं.

तिसऱ्यांदा ही जोडी आली लीड्सहून. एका रखडलेल्या कामानंतर त्या माणसाचा मेल : ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ अस.’ आता अण्णांची लेक याचा काय अर्थ लावणार? आपण काय सादर केलं बरं, म्हणून मी आधीचे चार मेल उपसले. तो म्हणत होता, आम्हाला सोसलंस त्याबद्दल आभार. एका विथने फाईल सहनशक्तीत बदलली. वाक्याच्या शेवटी असले शब्द येऊ देऊ नयेत म्हणणाऱ्या पंतोजींची खोड मोडणारा एक किस्सा चर्चिलच्या नावावर खपवला जातो. ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ असं त्याने समासात लिहिलं म्हणे. तो चर्चिलचा असल्याला भक्कम आधार नाही, पण नियम पाळायला गेलं की भाषेची कशी फरफट होते, ते त्या सात शब्दांत पुरेपूर दिसतं.

आपण मात्र असली फरफट होऊ देत नाही. आपण या जोड्या उचलतो, त्यांना नाम करतो आणि मागे आपलं करणे-होणे-लागणे जोडतो. फॉलोअप घे. बॅकअप घेतलास का? त्यांचा ब्रेकअप झाला, मग पॅचअप झालं, आता परत काही विचारू नकोस. एसटी खंबाटकी घाटात ब्रेकडाऊन झाली. दहावीचा सेंडऑफ. कटऑफ कितीला लागला? या शेवटच्या वाक्यात तर कट इंग्रजांचा, ऑफ इंग्रजांचा, पण सारी करामत त्या ‘लागला’ची. पिकअपचं पाहा. शहरात गाडी पिकअप घेत नाही म्हणून मेकॅनिककडे जाते. आमच्याकडे पिकअप हेच गाडीचं नाव. ‘पिकअप भरून टोमॅटो गेले वाशीला’. उचलण्यासाठी वापरायचा इंग्रजांचा शब्द चार चाकांवर चढून आपल्याकडे आला. फॉलोअपला मराठीत पाठपुरावा हा इतका सुरेख शब्द असताना आपण फॉलोअप का म्हणतो, हे मला सुटलेलं कोडं नाही. बहुधा पाठपुरावा करायला चिकाटी लागते, आणि फॉलोअप नुसता घेता येतो.

पास आऊटचं काय सांगावं. आमच्या टीममधल्या एका मुलीने तिकडच्यांना ओळख करून देताना लिहिलं, ‘आय पास्ड आऊट इन १९९८.’ एकाने काळजीने विचारलं, आता बरी आहेस ना? त्यांच्याकडे पास आऊट म्हणजे शुद्ध हरपणं. पण हा शब्द आपण हवेतून काढलेला नाही. लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं, हा त्याचा जुना ब्रिटिश अर्थ अजून चालतो. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून तिथे आहे आणि दर सहा महिन्यांनी वर्तमानपत्रात दीक्षान्त संचलनाचे फोटो येतात. बोलताना सगळे म्हणतात पासिंग आऊट परेड. पुण्यातल्या पोरांनी पदवी घेऊन पास आऊट व्हावं यात माझ्या मते काहीच चूक नाही. फक्त ‘कोप अप विथ’ म्हणू नये. तिथे अप नाही. सहन करायला पुट अप विथ आणि निभावून न्यायला नुसतं कोप विथ. सहनशक्तीला वर चढावं लागतं, निभावण्याला नाही. असं मी स्वतःसाठी लक्षात ठेवलंय, शास्त्राला विचारू नये.

शास्त्रालाही हा प्रकार नवा नाही. आमच्या वाईला संस्कृतचं वारं असल्याने शाळेत एक श्लोक पाठ झाला होता :

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. मूळ धातू एकच, हृ, म्हणजे नेणे. त्याला प्र लागला की मार, आ लागला की जेवण, सम् लागला की नाश, वि लागला की भटकंती. गिव्ह, गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे. तेच. ‘बलात्’ हा शब्द किती नेमका आहे, हे मला त्या सात मिस्ड कॉलनंतर कळलं. पाठ करताना मात्र मार्कांपलीकडे डोकं चाललं नव्हतं.

आता माझ्या त्या ठणकावण्याकडे येते. मराठी फार सरळ आहे, या वाक्याकडे.

ते पहिल्यांदा डळमळलं नणंदेमुळे. ती पुण्यात जपानी शिकवते. एकदा म्हणाली, जपानीतला एक धडा आहे, तो इंग्रजी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीतून समजावताना माझा घसा सुकतो. मराठीतून एका मिनिटात होतो. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणं. मिरु म्हणजेच बघणं. कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणं. ओकु म्हणजेच ठेवणं. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणं. मी ऐकतच राहिले. खाऊन बघताना आपण काय बघतो? डोळे तर कित्येकदा मिटलेले असतात. खाऊन टाकताना काय टाकतो? टाकायचं नाही म्हणूनच तर आई म्हणते, ‘एवढा घास खाऊन टाक.’ करून ठेवलं म्हणजे शहाणपण : भाजी चिरून ठेवली. आणि त्याच शब्दांत उपद्रव : ‘काय करून ठेवलंयस हे!’ करून बसला म्हणजे तर उभ्या उभ्या फसला. लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून ठेव, लिहून टाक. यातला प्रत्येक हुकूम ऐकून आपण वेगवेगळं काहीतरी करतो, आणि कुणी फरक विचारला तर म्हणतो, आय हॅव नो आयडिया. मध्ये शब्द कुठे घालायचा, हेही तसंच ठरलेलं. ‘खाऊनच टाक’ म्हणतो. हा ‘च’ कुठे बसतो, ते आपल्याला कुणी शिकवलं?

शिवाय पुढे-मागेवाले आहेतच. ज्या पोस्टपोनचा अर्थ आम्ही घोकला, तो ‘पुढे ढकलणे’ स्वतः काय आहे? पुट ऑफचा सख्खा भाऊ. अर्ज मागे घेतो, पोरं मागे लागतात, अभ्यासात मागे पडतात, कागद डोळ्यांखालून घालतो, नको ते काम अंगावर घेतो. लागणेबद्दल तर बोलायलाच नको. ‘बस लागली’ म्हटल्यावर एकाने पिशवी उचलून फलाटाकडे धावायचं आणि दुसऱ्याने पिशवी उघडून तोंडाशी धरायची.

तरी मी मनातल्या मनात तग धरून होते. हे सगळं खरं, पण एकाच शब्दाने सुरू होणं आणि संपणं, दोन्ही? वाजला आणि विझला? एवढा वेडेपणा आपल्यात नाही.

गेल्या जूनमध्ये वाईला आईकडे होते. संध्याकाळचे पाच. गच्चीवर कपडे वाळत होते, नदीकडून आभाळ काळं होत आलं होतं. आई खालून ओरडली, ‘अगं, वारा सुटला, कपडे काढ!’ मी वर गेले, पलीकडच्या शाळेची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा रस्त्यावर आला. आई खालूनच म्हणाली, ‘शाळा सुटली वाटतं.’

मी हातात टॉवेल धरून तशीच उभी.

वारा सुटला म्हणजे सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे संपली. एकाच बाईने, एकाच मिनिटात, एकाच क्रियापदाने. घाम सुटतो, वास सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, गोळी सुटते : सगळी सुरुवात. नोकरी सुटते, दारू सुटते, नाद सुटतो : सगळा शेवट. गाडी सुटली म्हणजे ती वेळेवर निघाली, आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे मी फलाटावर राहिले. आणि या सगळ्यांत काही वेडेपणा नाहीच मुळी. काहीतरी धरलेलं होतं, बांधलेलं होतं, ते मोकळं झालं. वारा कुठेतरी कोंडलेला होता, मुलं वर्गात कोंडलेली होती. दोघेही सुटले. आपण कधी मोकळं होणाऱ्याकडे बघतो, कधी मागे रिकाम्या राहिलेल्या जागेकडे.

ऑफही तेच. ऑफ आणि ऑव्ह हे मुळात एकच शब्द. जोर देऊन म्हटला की ऑफ, ओझरता म्हटला की ऑव्ह, पुढे स्पेलिंगही वेगळं झालं. अर्थ, दूर, पासून वेगळं. चाप ओढला, अडकवून ठेवलेलं सुटलं, द गन वेंट ऑफ. घड्याळातली कमान सुटली, अलार्म वेंट ऑफ. दिव्यातला उजेड निघून गेला, द लाइट्स वेंट ऑफ. दूध आपल्या चवीपासून ढळलं, तेही ऑफ. त्या रात्री त्या माणसाने मला ‘अलार्म सुटला’ असं लिहिलं असतं तर मी ताडकन उठून बसले असते.

‘कपडे भिजतायत!’ आई म्हणाली. भिजलेच होते.

त्याला हे कळवायला हवं, असं जिन्यातच ठरवलं. वीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं होतं, ते दुरुस्त करायला हवं. तो निवृत्त झालाय. दर नाताळात त्या दोघांचं चार ओळींचं पत्र येतं, त्यात बागेतले टोमॅटो आणि गुडघे यांची खबरबात असते. त्याच रात्री लिहायला बसले. विषयाच्या रकान्यात लिहिलं : ‘द विंड वेंट ऑफ, अँड सो डिड द स्कूल.’ मग वाटलं, हे वाचून तो पोलिसांना फोन करेल, आधी नीट खुलासा लिहू. खुलासा लिहायला घेतला तर दूध उतू गेलं. इंग्रज म्हणतो बॉइल्ड ओव्हर. त्यात दूध वरून वाहतं. आपलं उतू जातं, म्हणजे नक्की कुठे जातं कोण जाणे. तर ते पुसायला उठले.

मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. उशीर का झाला, हेही त्यात लिहावं लागेल, आणि तिथेच अडलंय. त्याच्या भाषेत ‘आय नेव्हर गॉट राऊंड टू इट’ असं म्हणतात; त्यात आय आहे, म्हणजे गुन्हेगार हजर. मला जे म्हणायचंय त्यात मी नाही, कुणीच नाही. पाठवायचा राहून गेला.